भरलेलं कोठार आणि उशीखालची पोळी

मी मूळचा मनमाडचा, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. आजचा विषय आहे लहान मुलांची भूक. यातलं बरंचसं मला माझ्या ताईकडून कळलंय. तिने आणि दाजींनी मूल दत्तक घेतलंय. तिने बोलायची परवानगी दिली ती एका अटीवर: भाच्याचं नाव, वय, तो कुठून आला, यातलं काही सांगायचं नाही. ती गोष्ट त्याची आहे, सांगायची की नाही ते मोठा झाल्यावर तोच ठरवेल.

तर हा पठ्ठ्या घरी आला तेव्हा पोटभर जेवायचा आणि तरीही पोळी उशीखाली लपवायचा. कधी कपाटात, कपड्यांच्या घडीत. आजी म्हणायची, "अरे, घरात काय कमी आहे का?" समुपदेशक मॅडमनी समजावलं की ही चोरी नाही आणि हावरटपणाही नाही. पुढचं जेवण येईल याची ज्याला कधी खात्री नव्हती, तो आपली सोय करून ठेवतोय. मग ताईने एक डबा भरला. शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, शेजारी केळी. डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवला. नियम एकच: डबा कधी रिकामा दिसता कामा नये. विचारायचं नाही, रागवायचं नाही. ताई म्हणते, "पोट आठवड्यात भरलं रे, भरवसा बसायला वर्ष गेलं."

आता आपलं मनमाड बघा. भारतीय अन्न महामंडळाचं मोठं धान्य कोठार इथे आहे. धान्याच्या वाघिणी बघतच आम्ही मोठे झालो. आणि याच महाराष्ट्रात, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. 25.6 टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी आहे. म्हणजे धान्य आहे, पण ते पोराच्या ताटापर्यंत रोज पोचत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, रेंज नाही.

अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहार असतो, शाळेत आठवीपर्यंत. पण शाळेला सुट्टी लागली आणि आई-बाप मजुरीसाठी गाव सोडून गेले, की ही साखळी तुटते.

अशा वेळी लोक पटकन म्हणतात, "एखादं गरीब मूल दत्तक घ्या ना." ताईला हे अजिबात पटत नाही. ती म्हणते, भूक हे आईपासून मूल तोडायचं कारण होऊ शकत नाही. 2015 चा बाल न्याय कायदाही मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाचा विचार आधी करतो. एकट्या आईला किंवा आजीला मूल सांभाळता यावं म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे, ती त्यांच्यापर्यंत पोचवा. दत्तक घ्यायचंच असेल तर 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करा. दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर मूल आणणं बेकायदा आहे.

स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर? खायला जरूर द्या. पण तिथेच थांबू नका. 1098 ला फोन करा किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगा. अशा मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. फोटो काढून स्टेटसला टाकू नका, प्लीज.

मदत कशी असावी हे बघायचं असेल तर आपल्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला बसा. सगळे एका पंगतीत. तू कोण, कुठला, पैसे किती, कुणी विचारत नाही. आणि उद्याही पंगत बसणार हे सगळ्यांना माहीत असतं. ताईच्या डब्याचं तत्त्व हेच तर आहे.

म्हणून वाढदिवसाला एकदा केक वाटण्यापेक्षा जवळच्या अंगणवाडी ताईंना भेटा. काय कमी पडतंय ते विचारा आणि झेपेल तेवढं, पण दर महिन्याला द्या. थोडं चालेल, खंड नको.

तुमच्या भागात कुणी असं काम करत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू या, काळजी घ्या!