समाजस्वास्थ्यकार र. धों. कर्वे



वडिलांनी स्त्रीशिक्षणासाठी देह झिजवला म्हणून समाजाने त्यांना महर्षी म्हटले. थोरल्या मुलाने स्त्रीच्या देहाचा प्रश्न उघडपणे मांडला, तर त्याच समाजाने त्याला कोर्टात उभे केले. रघुनाथ धोंडो कर्वे यांची कथा ही अशी आहे.

१८८२ साली जन्मलेले रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. पुढे हा प्रचार सोडावा की नोकरी, असा पेच पडला, तेव्हा त्यांनी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली. घरखर्चाचा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला. मूल नको हा उभयतांचाच निर्णय होता. मालतीबाईंचा उल्लेख आपण ओघात करतो, हा अन्यायच म्हणायचा.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. संततिनियमनासाठी दारिद्र्याचे किंवा लोकसंख्येचे कारण पुढे केले असते, तर विरोध कदाचित सौम्य झाला असता. बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रीची कीव करायला समाज तयार होता. परंतु कर्व्यांना कीव नको होती. मूल व्हावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे आणि कामसुखही जितके पुरुषाचे तितकेच तिचे आहे, असे ते स्वच्छ लिहीत. हे दुसरे विधान लोकांना झोंबले. त्यांची लेखणी बोचरी होती, हेही खरे.

मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच गुन्हा ठरला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. विषय लैंगिक असल्याने लेखन आपोआप अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले.

१९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले, पण लोकसंख्येच्या काळजीपोटी. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले आणि मासिकही थांबले. वृद्ध वडील त्यांच्यामागे नऊ वर्षे जगले. १९७१ च्या गर्भपात कायद्याने संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरणे हे कारण मान्य केले, पण केवळ विवाहितेपुरते. ही विवाहाची अट २०२१ मध्ये निघाली.