शेवटचं बोटभर अंतर

श्रोते हो, अमेरिकेत जुन्या मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला की घरात मोठा पेच पडतो. तिथे कारागिराची मजुरी भारी. गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीएवढा होतो. बरं, लहान गावात बस नाही, तेव्हा गाडीवाचून नोकरीवर जाणंच अशक्य. मग काही हिकमती माणसं दुरुस्त केलेला तयार गिअरबॉक्स विकत आणतात आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवतात. जुना परत दिला की दुकानदार अनामत रक्कम परत करतो.

उदाहरणासाठी शेवरोलेची सिल्व्हराडो ही पिकअप गाडी घेऊ. १९९९ सालापासून पुढे कित्येक वर्षं तिच्यात ‘फोर एल सिक्स्टी ई’ नावाचा चार गिअरचा गिअरबॉक्स येत असे. तेल न भरताही त्याचं वजन साठ किलोंच्या वर. म्हणजे एका माणसानं उताणं पडून छातीवर पेलायची ही वस्तू नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट सुरक्षिततेची. जमीन सपाट आणि पक्की हवी. चाकांना अडणी लावायची. गाडी जॅकनं उचलायची, पण तिचा भार मजबूत स्टँडवर ठेवायचा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गिअरबॉक्स उतरवायला वेगळा जॅक भाड्यानं मिळतो, त्यावर तो पट्ट्यानं बांधता येतो. आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस हवंच.

दुसरी गोष्ट, जुना गिअरबॉक्स खरोखरच गेला आहे का, याची खात्री. तेल कमी झालं तरी गिअर घसरतात. कधी आतला छोटासा विजेचा व्हॉल्व्ह बिघडलेला असतो, कधी नुसती वायर तुटलेली असते. मात्र तेल काळं पडलं असेल, त्याला जळका वास येत असेल आणि तळाशी धातूचा चुरा सापडला, तर आशा थोडीच.

उतरवण्याचं काम कष्टाचं असलं तरी सरळ आहे. बॅटरीची वायर काढायची, तेल रिकामं करायचं, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवायचा, तेलाच्या नळ्या आणि वायरी सुट्या करायच्या. इंजिनला मागून आधार द्यायचा, नाहीतर ते कलतं. मग बोल्ट काढून गिअरबॉक्स मागे सरकवायचा.

खरी परीक्षा बसवताना होते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा कढईएवढा, फुगीर, तेलानं भरलेला डबा. इंजिनची ताकद तो तेलाच्या प्रवाहातून पुढे पोचवतो, म्हणून अशा गाडीला क्लचचं पेडल लागत नाही. हा कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये बसवताना हलके हलके फिरवत आत ढकलायचा. तो एका दमात जात नाही. आतले दांडे एकेका खाचेत बसतात, तसा ‘खट’ असा धक्का हाताला जाणवतो आणि कन्व्हर्टर थोडा आत सरकतो. शेवटची खाच तेलाच्या पंपाची.

पुष्कळ जण इथेच फसतात. शेवटची खाच बसलेली नसते आणि गिअरबॉक्स इंजिनपासून बोटभर दूर राहतो. माणूस थकलेला असतो, रात्र झालेली असते. वाटतं, बोल्ट आवळले की येईल जवळ. बोल्ट आवळले की तो जवळ येतोही! पण कन्व्हर्टर मागे रेटला जाऊन आतला पंप फुटतो, आणि नवा गिअरबॉक्स एक मैलही न चालता निकामी होतो. श्रोते हो, बोल्ट धरून ठेवण्यासाठी असतो, ओढून घेण्यासाठी नव्हे. दोन्ही भाग हातानंच एकमेकांना भिडले पाहिजेत. भिडल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि इंजिनच्या चकतीशी जोडण्याआधी मध्ये काही मिलिमीटरांची फट दिसली पाहिजे. दिसली नाही, तर सगळं पुन्हा मागे घ्यावं. तासभर जाईल, पण गिअरबॉक्स वाचेल.

आणखी एक काम डोळ्यांआड राहतं. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधल्या कूलरमध्ये जाऊन थंड होतं. जुन्याचा चुरा त्या कूलरमध्ये अडकून राहतो. तो धुऊन काढला नाही किंवा कूलरच बदलला नाही, तर जुन्याचं दुखणं नव्याला लागतं. शेवटी कंपनीनं सांगितलेलंच तेल थोडं थोडं भरायचं आणि या गाडीत इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर पातळी पाहायची.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडे २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून स्वस्त गाड्यांतही विनाक्लचची सोय मिळू लागली. त्या गाड्यांत बहुधा साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं, टॉर्क कन्व्हर्टर नसतो. पण महागड्या गाड्यांपैकी अनेकींत तो असतो. तेव्हा कधी गिअरबॉक्स बदलण्याची वेळ आली, तर वर्कशॉपमध्ये दोन प्रश्न जरूर विचारा. जुना कशामुळे गेला? आणि कूलर धुतला की बदलला? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, हात पुसत पुसत सगळं नीट समजावून सांगतो.