फोन त्यांच्याच हातात राहू द्या
(स्वागताध्यक्षांचे भाषण)



कृष्णाकाठच्या या वाईनगरीत भरलेल्या ज्येष्ठांच्या संमेलनात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात उभे केले. १९७६ साली पहिला खंड निघाला, तेव्हा शास्त्रीजी पंच्याहत्तरीत होते. त्यामुळे ‘आता या वयात काय शिकायचं?’ हा प्रश्न निदान वाईत तरी कुणी विचारू नये. तोच विश्वकोश आज मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो.

२०१७ साली केंद्र सरकारने ६ कोटी ग्रामीण कुटुंबांसाठी डिजिटल साक्षरतेची योजना आणली. तिची वयोमर्यादा होती १४ ते ६० वर्षे. साठी उलटली की वर्गाचे दार बंद. आणि साठीनंतर लागणाऱ्या गोष्टी मात्र एकेक करून मोबाइलवर आल्या: हयातीचा दाखला, ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला, सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड. ही दरी आपल्यालाच भरून काढायची आहे.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगतो. आमच्या केंद्रात एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. उभा जन्म शेतात आणि चुलीपाशी गेलेला, बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. अंगठा तीनदा टेकवला, तिन्ही वेळा यंत्राने तो ओळखला नाही. आजींचा चेहरा पडला. आमच्या सेविकेने त्यांना खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसवले, फोन त्यांच्याच हातात दिला आणि म्हणाली, “आजी, इथं बघा. आता पापण्या मिटा, उघडा.” चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, हे आजींना कुणी सांगितलेच नव्हते. दाखला निघाला. आजी म्हणाल्या, “पुढच्या वर्षी माझं मी करीन. शेजारच्या वहिनींचंही करून देईन.”

सेविकेने फोन स्वतःकडे ओढून घेतला असता, तर काम दोन मिनिटांत झाले असते; पण आजी होत्या तिथेच राहिल्या असत्या. आपण घरोघरी नेमके हेच करतो. “द्या इकडे, मी करतो” म्हणतो आणि आपल्याच माणसाला परावलंबी करून ठेवतो.

ज्येष्ठांची बुद्धी कमी पडत नाही, त्यांना चुकण्याची भीती वाटते. ती भीती खोटीही नाही. म्हणून शिकवताना सावधपणाही शिकवा. फोनवरून भामटे जिचा धाक घालतात, ती ‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यात कुठेही नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या मदतक्रमांकावर फोन करायचा. आणि थरथरते बोट पडद्यावर जास्त वेळ टेकले म्हणून फोन भलतेच काही उघडत असेल, तर फोनची मांडणी बदला. अक्षर मोठे करता येते, स्पर्शाची वेळ वाढवता येते.

वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थाचालकांना एक विनंती. आपल्या सेविका वर्षानुवर्षे बीपी, शुगर वहीत लिहीत आल्या. आता त्यांच्या हाती टॅब देतो, पण शिकायला वेळ देत नाही. स्वतः धास्तावलेले माणूस दुसऱ्याला धीर काय देणार? त्यांचे शिक्षण कामाच्या वेळेतच झाले पाहिजे आणि ते काम म्हणूनच धरले गेले पाहिजे.

मित्रहो, दोन दिवस इथे चर्चा होईल, ठराव होतील. माझे मागणे एवढेच आहे: घरी परतल्यावर एका ज्येष्ठ व्यक्तीजवळ अर्धा तास बसा. फोन त्यांच्या हातात असू द्या आणि आपले हात पाठीमागे ठेवा. तेच पुन्हा विचारले, तर पुन्हा सांगा. आपल्याला पहिले अक्षर गिरवायला शिकवताना त्यांनी कितीदा सांगितले, ते मोजले नव्हते.