बंधाऱ्याच्या हिशेबात प्राणवायू



नदीवरील प्रत्येक बांधकामाचा हिशेब पाणीसाठा, पूरविसर्ग, पायाची झीज आणि खर्च या सदरांत मांडला जातो. त्यावरून पडणारे पाणी किती प्राणवायू घेऊन पुढे जाते, हे सदर मात्र बहुतेक आराखड्यांत कोरेच राहते, आणि अध्यक्षपदावरून आज त्याच कोऱ्या सदराकडे परिषदेचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाचे स्वच्छ पाणी हवेतून जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू घेऊ शकते आणि ३० अंशांवर ही मर्यादा, म्हणजेच संपृक्तता, ७.५च्या आसपास उतरते. त्यामुळे नदी आटलेली असते आणि सांडपाणी कुजवणारे जीवाणू जोमात असतात, नेमक्या त्याच उन्हाळ्यात पाण्याची मूळ ऐपतही कमी झालेली असते. सांडपाणी मिसळल्यावर प्राणवायू आधी घसरत जातो आणि मग हवेतून हळूहळू भरून निघतो, हे स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली ओहायो नदीच्या अभ्यासातून गणिताने मांडले. संथ पाण्यात ही भरपाई होण्यासाठी नदीला कित्येक किलोमीटर वाहावे लागते. एखाद-दीड मीटर उंचीवरून पडणारी धार तेच काम काही क्षणांत बऱ्याच अंशी उरकते.

धार खालच्या डोहात शिरताना हवा बरोबर ओढून नेते, त्या हवेचे असंख्य बारीक बुडबुडे होतात, पाणी आणि हवा यांच्या स्पर्शाचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते आणि डोहाच्या खोलीतील दाबामुळे विरघळण्याला आणखी जोर मिळतो. गेमसन यांनी १९५७ साली हा लाभ तुटीच्या गुणोत्तराने मोजला : संपृक्ततेपेक्षा प्राणवायू जितका कमी ती तूट, आणि वरच्या तुटीला खालच्या तुटीने भागले की गुणोत्तर मिळते. संपृक्तता ८ आणि वरच्या पाण्यात प्राणवायू २ असेल, तर तूट ६ होते. गुणोत्तर २ असल्यास खाली तूट ३ उरते आणि पाणी ५ मिलिग्रॅमवर, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानाच्या पाण्यासाठी घातलेल्या किमान अटीवर, पोचते. मात्र ब्रिटनमध्ये पुढे रूढ झालेल्या सूत्रात पाण्याच्या दर्जाचा गुणांक स्वच्छ पाण्यासाठी १.८ आणि अतिशय दूषित पाण्यासाठी ०.६५ धरलेला आहे. ज्या पाण्याला प्राणवायूची गरज सर्वाधिक, तेच तो सर्वांत कमी घेते, ही या शास्त्रातील सर्वांत कठोर गोष्ट होय.

हे ज्ञान बाहेर केव्हाच बांधकामात उतरले आहे. धरणाच्या तळाचे थंड, प्राणवायूहीन पाणी जनित्रांतून नदीत येते म्हणून टेनेसी व्हॅली अथॉरिटीने १९९१ साली साउथ होल्स्टन धरणाखाली नागमोडी माथ्याचा बंधारा बांधला, ज्याच्या लांबलेल्या माथ्यावरून पाणी पातळ पडद्यासारखे पडते. शिकागोजवळच्या कॅल्युमेट जलमार्गावर पाणी स्क्रू पंपांनी उचलून पायऱ्यापायऱ्यांनी खाली सोडणारी पाच केंद्रे उभी आहेत.

महाराष्ट्रात असा माथा नव्याने शोधावा लागत नाही, कारण कोल्हापुरी बंधारे गावोगाव आहेत. पावसाळा सरल्यावर खांबांमधल्या खाचांत बरगे बसवले जातात आणि पाणी अडते. माथ्यावरून पाणी पडत असेतोवर बंधारा नदीला श्वास देतो, पण उन्हाळ्यात पातळी बरग्यांच्या खाली गेली की पडणे थांबते, फटींतून केवळ झिरपा उरतो आणि वरच्या अंगाला साचलेल्या मैल्याने तळाचे पाणी काळे पडते. मग बरगे एकदम काढले की ते काळे पाणी एकाच लोंढ्याने खाली जाते आणि मासे तडफडून मरतात. पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्याजवळून मृत माशांच्या बातम्या वारंवार येतात, हे दुःख नदीकाठाला नवे नाही. एकच बंधारा प्राणवायू देतोही आणि हिरावूनही घेतो. काय घडेल हे बरगे कधी, किती आणि कोणत्या क्रमाने काढले जातात यावर पुष्कळसे अवलंबून असते. माथ्याखाली नुसता काँक्रीटचा उथळ तळ असेल तर बुडबुड्यांना खोली मिळत नाही, म्हणून दुरुस्तीच्या वेळी खाली पुरेशा खोलीचा डोह राखणे हा मोठ्या खर्चाचा नव्हे, तर इच्छेचा प्रश्न आहे. अतिखोल डोहही घातक ठरतो, कारण अमेरिकेतील कोलंबिया नदीवर उंच सांडव्यांखाली वायूंचे प्रमाण संपृक्ततेपलीकडे गेल्याने माशांच्या शरीरात बुडबुडे धरल्याचा अनुभव आहे.

पडते पाणी मैला नाहीसा करीत नाही. ते नदीला थोडा वेळ मिळवून देते, आणि सांडपाणी प्रक्रियेची जबाबदारी टाळण्यासाठी कोणी या शास्त्राचा आधार घेऊ लागला तर त्यास या परिषदेने ठाम विरोध केला पाहिजे.

तेव्हा जलसंपदा विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना या परिषदेची विनंती अशी असावी की, प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, शेवाळाच्या रात्रभराच्या श्वसनाने प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो त्या पहाटेच्या वेळी, नियमित मोजणी व्हावी, बरगे काढण्याचे वेळापत्रक त्या नोंदींवरून ठरावे, आणि पहिली नोंद येत्या उन्हाळ्यात तेरवाडला घेतली जावी.