नक्कल ठेवा, सही जपून करा
(केडगाव इथं लिहित्या पोरांपुढं केलेलं भाषण)

दोस्तांनो, मी गोदीतला हमाल, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. उपदेश करीत नाही, हिशेब सांगतो.

बापाच्या मरणावरची कविता मी एका मासिकाला धाडली. पाठपोट लिहिलेली, पत्ता नाही, नक्कल नाही. गेली ती गेली. साभार परत यायलाही पत्ता लागतो!

म्हणून कागदाच्या एकाच बाजूला लिहा. समास सोडा. नाव-पत्ता घाला. नक्कल ठेवा. अंक आधी वाचा, मग धाडा. संपादकानं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं तर सुधारू द्या. आईची बोली कापली तर भांडा.

‘पैसे भरा, पुस्तक काढतो’ म्हणणाऱ्याला विचारा, प्रती किती? विकणार कोण? १९५७ च्या कायद्यानं लिहिणाऱ्याचा हक्क हयातभर अन् मरणानंतर ६० वर्षं राहतो. न वाचता केलेल्या एका सहीनं तो जातो. आपल्या बापजाद्यांचे अंगठे असेच गेले.

आपल्याच जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ स्वतःच काढला. कुणी छापत नसेल तर चौघं वर्गणी काढा, सोळा पानं छापा, माळीवाडा स्टँडवर उभं राहून विका.

पहिली प्रत मी घेतो. रोख.