मुष्टियोद्ध्याच्या मनावरील भार



शिक्षक या नात्यानें मीं कित्येक मुलांचें एकाच वाक्यानें सांत्वन केलें आहे. खेळतांना एकाची विटी दुसऱ्याच्या कपाळाला लागावी, रक्त यावें, आणि मारणारानेंच अधिक रडावें. अशा वेळीं मी म्हणत असें, "अरे, तूं कांहीं मुद्दाम केलें नाहींस." परंतु ज्या खेळांत प्रहार मुद्दामच करावयाचा असतो, तेथें हें वाक्य कितपत उपयोगीं पडेल? मुष्टियुद्धांत ज्याच्या हातून प्रतिस्पर्ध्याचा मृत्यू घडतो, त्याच्या मनाचें काय होतें, हा आजचा माझा विषय आहे.

१९४७ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं शुगर रे रॉबिन्सन व जिमी डॉइल यांचा सामना झाला. आपल्या ठोशानें डॉइल मेला, असें स्वप्न रॉबिन्सनला त्यापूर्वीं पडलें होतें. तो लढावयास तयार होईना. धर्मोपदेशकाकडून त्याची समजूत घालण्यांत आली. आठव्या फेरींत डॉइल कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. चौकशींत अधिकाऱ्यानें विचारलें कीं, डॉइलला संकटांत आणण्याचा तुमचा हेतु होता काय? प्रतिस्पर्ध्याला संकटांत आणणें हाच आपला धंदा आहे, अशा अर्थाचें उत्तर रॉबिन्सननें दिलें. कित्येकांस तें निर्दय वाटलें. मला तें प्रामाणिक वाटतें. हेतु नव्हता, असें म्हणण्याची सोय त्याला नव्हती. पुढील सामन्यांच्या मिळकतींतून त्यानें डॉइलच्या आईस द्रव्यसाहाय्य केलें.

१९६२ सालच्या मार्चमध्यें न्यूयॉर्क येथें एमिल ग्रिफिथनें बेनी पॅरेटला बाराव्या फेरींत कोपऱ्यांत गांठून प्रहारांमागून प्रहार केले. पॅरेटनें पूर्वीं त्याला अपमानकारक शब्दांनीं डिवचलें होतें. दहा दिवसांनीं पॅरेट वारला. येथें धंद्याच्या जोडीला क्रोधाचीही शंका आली, आणि तिचें उत्तर कोणतें न्यायालय देणार? ग्रिफिथ त्यानंतर पंधरा वर्षें लढला, अजिंक्यपदही त्यानें मिळविलें. पण हात आंवरून. दुःस्वप्नांनीं त्याची पाठ सोडली नाहीं. २००५ सालच्या एका माहितीपटांत त्याची व पॅरेटच्या मुलाची भेट दाखविली आहे. त्या मुलानें त्याला मिठी मारली.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्यें लास व्हेगास येथें एकवीस वर्षांच्या रे मॅन्सिनीशीं लढतांना कोरियाचा डुक कू किम चौदाव्या फेरींत पडला व थोड्याच दिवसांत मरण पावला. कांहीं महिन्यांनीं किमच्या आईनें आत्महत्या केली. किमचा मुलगा त्या वेळीं जन्मलाही नव्हता. २०११ सालीं तो आपल्या आईसह मॅन्सिनीस भेटला.

या तिघांनाही कायद्यानें दोषी ठरविलें नाहीं. टाळ्या वाजविणारे प्रेक्षक तर घरीं जाऊन स्वस्थ झोंपले. वास्तविक त्या प्रहाराची किंमत त्यांनींच तिकिटाच्या रूपानें दिली होती. भार मात्र एकट्या मारणारावर राहिला. तो कांहींसा हलका झाला असेल, तर मृताच्या माणसांसमोर उभें राहिल्यानें, आणि त्यांनीं जवळ घेतल्यानें.

म्हणून आज असा एखादा रडणारा मुलगा माझ्यासमोर आला, तर माझें जुनें वाक्य मी उच्चारणार नाहीं. मी म्हणेन, "बाळ, डोळे पूस आणि त्याच्या घरीं जा. त्याच्या आईला भेट. भीति वाटत असेल, तर मी तुझ्याबरोबर येतों."