कार्याची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





एखादे कार्य पार पडले म्हणजे त्याचा जमाखर्च आपण पैशापैशापर्यंत जुळवितो. पण त्या कार्यातून मिळालेल्या शहाणपणाचा जमाखर्च कोठे मांडतो? दिवाळीच्या फराळाला सामान किती लागले, मंडपवाल्याशी बोलणी कशी ठरली, सभागृहाची परवानगी किती दिवस आधी मागावी लागते, हे सारे एखाद्या जुन्या कार्यकर्तीच्या डोक्यात असते. तिचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलले, की पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा! नव्या मुली दमतात, आणि दमल्या की येईनाशा होतात. म्हणून हा प्रश्न मंडळाच्या जीवनमरणाचा आहे.

मोठ्या संस्थांत या विषयाला 'ज्ञान-व्यवस्थापन' असे भारदस्त नाव आहे. पण नाव भारदस्त असले म्हणजे काम होतेच असे नाही. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेने आपल्या अनुभवांतून मिळालेले धडे साठविण्यासाठी मोठे भांडार उभारले होते. जानेवारी २००२ मध्ये तेथील सरकारी हिशेब-तपासनिसांनी अहवाल दिला, की प्रकल्प चालविणारे अधिकारी हे धडे नित्यनेमाने टिपत नाहीत आणि एकमेकांना सांगतही नाहीत. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००३ रोजी, 'कोलंबिया' यान परतीच्या वाटेवर भंगले आणि आपल्या कर्नालची कल्पना चावला व तिचे सहा सोबती गेले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता. असे तुकडे पूर्वीच्या उड्डाणांतही सुटत. ते नेहमीचेच मानले गेले होते. भांडाराचा अहवाल आणि हा अपघात यांचा थेट संबंध मी जोडीत नाही. परंतु चौकशी मंडळानेही हेच बजावले, की ही संस्था अनुभवातून शिकणारी राहिली नाही. माहिती जवळ असणे निराळे आणि ती निर्णयाच्या वेळी हाताशी असणे निराळे!

आता याच्या उलट उदाहरण पाहा. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन येथे बोइंग कंपनीचे एक नवे विमान चाचणीच्या वेळी कोसळले व दोघांचे प्राण गेले. वैमानिक अनुभवी होता. पण शेपटीकडील भागांची खीळ उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. यावर वैमानिकांनी जाडजूड ग्रंथ लिहिला नाही. उड्डाणापूर्वी काय काय पाहावयाचे, याची एक छोटी यादी केली आणि ती प्रत्येक वेळी वाचण्याचा प्रघात पाडला. तेथे शहाणपण कपाटात गेले नाही, कामातच मिसळले. हीच युक्ती पुढे शस्त्रक्रियागृहात आली. जागतिक आरोग्य संघटनेची यादी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

कोणी म्हणेल, "अहो, कामालाच वेळ पुरत नाही, लिहावयाचे केव्हा?" खरे आहे. म्हणूनच लिहिणे हे वेगळे काम ठेवू नये. प्रत्येक कार्याच्या पहिल्या बैठकीत पहिला विषय एकच असावा: गेल्या वर्षीचे पान वाचणे. काम चालू असता एखादा बेत बदलला, तर चिटणीसबाईंनी ठरावाबरोबर त्याचे कारणही एका ओळीत टिपावे. आणि हिशेब मिटविण्यापूर्वी पंधरा मिनिटे बसून चार प्रश्न विचारावेत: काय ठरविले होते? काय घडले? तसे का घडले? पुढे काय करावे? अमेरिकन लष्करातही सरावानंतर असेच प्रश्न विचारण्याची पद्धत आहे.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की कोण चुकले हे वहीत लिहू नये, काय घडले ते लिहावे. नावे ठेवली जाऊ लागली, की खरे बोलणे थांबते. दुसरे असे, की एका कार्याला एकच पान द्यावे. लांबण लागली तर कोणी वाचणार नाही.

आणि सारेच कागदावर उतरते असेही नाही. चकलीचे पीठ किती सैल असावे, रुसलेल्या देणगीदाराशी कसे बोलावे, हे सोबत राहूनच कळते. म्हणून प्रत्येक जुन्या कार्यकर्तीच्या जोडीला एक नवी मुलगी अवश्य द्यावी.

भगिनींनो, आपल्या आईने आणि सासूबाईंनी असेच हाताशी घेऊन आपल्याला संसार शिकविला. तोच वारसा मंडळाच्या कामात चालावा. पुढच्या समारंभाच्या पहिल्या बैठकीत ही वही उघडलेली दिसावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.